तांब्यावर काच वितळवताना: गच्चीवरच्या मीनाकामाची सुरुवात

माझं पहिलं पदक, म्हणजे दोरीत ओवायची मीन्याची चकती, रात्री साडेनऊला फुटलं. दुपारी गच्चीवर भाजलेलं, गडद निळं, तकतकीत. जेवणं उरकून मी टेबल पुसत होते आणि खिडकीत ठेवलेल्या त्या तुकड्यातून ‘टिक्’ असा बारीक आवाज आला. जाऊन पाहते तो नखाएवढा निळा पापुद्रा सुटून शेजारी पडलेला, आणि त्याच्या जागी उघडं, लालसर तांबं. पाच तास ते पदक शाबूत होतं आणि मग आपोआप तडकलं. हे का झालं ते समजलं तेव्हाच मला हे काम खऱ्या अर्थाने कळायला लागलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी पुण्यात एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बर्नर, तिवई, चिमटे यांच्यातच एकोणीस वर्षं गेली. त्यामुळे जाळाची भीती नव्हती, पण जाळ हाताळता येणं आणि जाळावर काच वितळवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मीना म्हणजे दळलेली रंगीत काच. ती तांब्यावर भुरभुरायची आणि साधारण ७५० ते ८३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, की वितळून तांब्याला कायमची चिकटते. तांबं स्वतः १०८५ अंशांना वितळतं, म्हणजे मध्ये पुरेशी मोकळी जागा आहे. जयपूरचा मीना म्हटलं की सोनं-चांदी डोळ्यांपुढे येते, पण तांब्यावरची परंपराही मोठी आहे. फ्रान्समधल्या लिमोज गावी मध्ययुगापासून हे काम चालत आलं आणि चीनमध्ये मिंग काळातली निळी भांडी तांब्याच्या अंगावरच घडली. त्यातले बहुतेक लोक भट्टी वापरत. आपण हातातल्या गनने, म्हणजे गॅसच्या टॉर्चने, तेच छोट्या आकारात करणार आहोत.

आता त्या ‘टिक्’चं कारण. गार होताना तांबं काचेपेक्षा जास्त आकसतं. काच एकाच बाजूला असेल तर तुकडा किंचित वाकू पाहतो आणि काचेवर ताण येतो. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. मागच्या बाजूलाही तेवढाच थर असला की दोन्हीकडची ओढ सारखी होते आणि काच दाबाखाली नीट बसून राहते. त्या मागच्या थराला मी ‘पाठ’ म्हणते. पहिल्या वेळी मी पाठ लावली नव्हती, कारण मागची बाजू कोण बघतंय, असं वाटलं होतं. पाठ आधी, तोंड नंतर: या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

काय काय लागतं

तांब्याचा पत्रा ०.८ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा घ्या. त्याहून पातळ असला तर तापल्यावर वेडावाकडा होतो, आणि एक मिलिमीटरच्या वर गेलात तर छोटी गन त्याला तापवता तापवता दमते. मी कसबा पेठेतल्या तांबट आळीतून वजनावर तुकडे आणते. सकाळी गेलं तर दोन्ही बाजूंनी ठोक्यांचा नाद कानावर येतो, आणि मठारलेल्या घंगाळ्यावर ऊन पडलेलं बघत मी उगीच दहा मिनिटं रेंगाळते. पत्रा मागताना ‘तांबंच पाहिजे, पितळ नको’ असं स्पष्ट सांगा. पितळेतलं जस्त या उष्णतेला त्रास देतं, मीना नीट धरत नाही आणि जस्ताचा धूर छातीला वाईट.

मीन्याची पूड विकत घेताना दोन प्रश्न विचारायचेच. ही पूड भाजायची आहे ना? आणि यात शिसं आहे का? पहिला प्रश्न मी विचारला नव्हता. ‘मीना पावडर’ म्हणून मागवलेली पुडी निघाली राळेत कालवून थंडच लावायच्या रंगाची. जाळ लागताच काळा, घशाला लागणारा धूर निघाला. बाजारातल्या पुष्कळ दागिन्यांवर हल्ली हा थंड मीनाच असतो, तो वाईट नाही, पण जाळाखाली नेण्याचा नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं ठामपणे आलं तरच घ्या. जुन्या पद्धतीच्या पुडीत शिसं असतं. शिसेविरहित पूड मिळते, थोडी महाग पडते, आणि घरात काम करणाऱ्याने तीच घ्यावी. सुरुवातीला अपारदर्शक रंगच घ्या: पांढरा, काळा, गडद निळा, हिरवा. चार पुरेत. लाल आणि केशरीचा मोह आवरा. ते रंग जरा जास्त तापले की काळपट पडतात.

बाकीचं सामान सांगते. तिवई. तिच्यावर ठेवायला स्टीलची जाळी. शाळेतली जुनी, मध्ये पांढरा गोल असलेली जाळी अजिबात घेऊ नका, त्या पांढऱ्या भागात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, शिवाय तो जाळ अडवतो. जाळीवर ठेवायची स्टीलच्या पट्टीची तीन पायांची छोटी बैठक, जिच्यावर तुकडा फक्त कडांवर टेकेल. खाली दोन भट्टीच्या विटा. लांब चिमटा. बारीक कानस. चाळणी मी प्लास्टिकच्या डबीचं बूड कापून, त्यावर ६० नंबरची पितळी जाळी ताणून केली; जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडाही चालतो. तोंडाला एन-९५ मास्क, कारण ही काचेची धूळ आहे, छातीत गेलेली परत येत नाही. चष्मा. सुती कपडे, केस बांधलेले, ओढणी घरात ठेवलेली. पाण्याची बादली हाताशी. आणि यातलं एकही भांडं, एकही चमचा पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

गनबद्दल जरा थांबून सांगते, कारण दुकानदार हे सांगत नाही. कॅनवर बसवायची साधी गन स्वस्त असते, पण आपल्याला जाळ खालून वर न्यायचा असतो. नोझल वर करायला कॅन आडवा करावा लागतो, आणि तसं केलं की आतला द्रव गॅस थेट बाहेर येऊन जाळ एकदम हातभर पिवळा भडकतो. म्हणून एकतर कॅन वाकवला तरी चालेल अशी बनवलेली गन घ्या, नाहीतर सोनार वापरतात तशी, रबरी नळीला जोडलेली. मी छोट्या सिलेंडरला रेग्युलेटर आणि नळी लावून दुसऱ्या प्रकारची वापरते. नळीचे जोड दर वेळी साबणाच्या पाण्याने तपासते. बुडबुडा दिसला तर त्या दिवशी काम नाही.

जाळापूर्वीचा अर्धा तास

पत्र्याची २५ मिलिमीटरची गोल चकती कापा. किंचित लहान-मोठी झाली तरी चालेल. दोरीसाठी भोक आत्ताच पाडा, नंतर काचेतून ड्रिल जाणार नाही. कडांची धार कानशीने मारा. मग चकती एकदा लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं लोखंडासारखं नाही. असं विझवलं की ते मऊ होतं. पाण्यात पडताच ‘चर्र’ होतं आणि वरची काळी खपली तडतडून सुटते. मऊ झालेली चकती लाकडाच्या खळग्यावर ठेवून लाकडी हातोडीने हलकेच ठोका, पळीच्या बुडाइतका उथळ फुगवटा येऊ द्या. सपाट पत्र्यापेक्षा फुगीर पत्रा तापताना आकार जास्त धरतो.

आता घासणं. मीना सुटतो, त्याला फोड येतात, डाग पडतात, त्यातल्या निम्म्या तक्रारी इथल्या कंटाळ्यातून जन्माला येतात. माझ्या सासूबाई तांब्याचा बंब चिंचेच्या कोळाने आणि मिठाने घासायच्या. मीही आधी तेच करते. मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली गोल गोल. शेवटी वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायचं, चिंचेचा किंवा मिठाचा अंश राहता कामा नये. हाताचं तेल लागलेलं आहे का हे पाणीच सांगतं: चकती तिरकी धरा. पाण्याचा पातळ, अखंड पडदा सगळीकडे राहिला तर चकती स्वच्छ. पाणी कुठे मागे सरून थेंब झाले तर तिथे तेल आहे, पुन्हा घासा. यानंतर चकतीला फक्त कडेने धरायचं. बोटाचा एक ठसा पुरतो. भाजल्यावर तो ठसा जसाच्या तसा वर येतो.

आधी पाठीची बाजू करायची. पूड भुरभुरण्याआधी चकतीच्या त्या बाजूवर मिथाइल सेल्युलोज कालवलेल्या पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. ही खळ जाळात जळून जाते, मागे काही ठेवत नाही.

मी लहानपणापासून रांगोळी काढते आणि सुरुवातीला त्या सवयीनेच घात केला. चिमटीतून पूड सोडली की मध्ये ढीग आणि कडेला रिकामं. इथे चिमूट विसरायची. चाळणी चकतीपासून दोन-तीन इंच वर धरायची आणि तिच्या कडेवर बोटाच्या नखाने टकटक करायची. आधी चकतीच्या काठाने गोल फिरायचं, मध्यावर सगळ्यात शेवटी यायचं. मध्यावर पूड आपसूकच पडत असते, काठ मात्र नेहमी उपाशी राहतो. तांबं दिसेनासं झालं की थांबा, मग पुन्हा एक हलका फवारा, पुन्हा एक हात. पिठी पसरलेल्या पोळपाटासारखं दिसायला हवं: सारखं, कोरडं, कुठेही उंचवटा नाही. खाली पांढरा कागद ठेवला तर सांडलेली पूड परत डबीत घालता येते.

मग वाळू द्या. पूर्ण. ओल राहिली तर वाफ होऊन पूड पापडासारखी उडते. मी आधीच्या कामाने गरम असलेल्या विटेवर दहा मिनिटं ठेवते.

जाळ खालून

संध्याकाळी, उजेड उतरल्यावर भाजा. भर उन्हात तांब्याची लाली दिसत नाही आणि ती दिसणं हाच आपला थर्मामीटर आहे. हवा खेळती हवी, पण पंखा नको.

चकती बैठकीवर, बैठक जाळीवर, जाळी तिवईवर. जाळ खालून, तांब्याच्या उघड्या अंगाला. पुडीच्या बाजूला जाळ लावायचा नाही. अर्धवट जळालेल्या गॅसने रंग करपट, धुरकट होतो आणि कोरडी पूड उडूनही जाते. जाळाच्या आत निळा टोकदार सुळका दिसतो, त्याच्या टोकाच्या जरा पुढे सगळ्यात जास्त उष्णता असते. चकती तिथे यायला हवी. पहिली पंधरा-वीस सेकंद जाळ लांबून फिरवत न्या, मग जवळ आणा आणि हात सावकाश गोल फिरत ठेवा.

आता फक्त बघायचं. पूड आधी काळपट होते, घाबरू नका. मग दाणे एकमेकांना धरायला लागतात आणि पृष्ठभाग साखर पसरल्यासारखा खरखरीत दिसतो. त्यानंतर ते दाणे मऊ पडतात आणि संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे राहतात. बरेच जण इथे थांबतात, कारण ते चमकायला लागलेलं असतं. अजून थोडं थांबा. खळगे एकामागून एक भरत जातात आणि एका क्षणी सगळा पृष्ठभाग ओला होतो, गरम तुपाने भरलेल्या वाटीसारखा सपाट. त्याच वेळी चकती आतून केशरट लाल दिसते. दोन-तीन सेकंद तिथे धरा आणि जाळ काढा. माझ्या गनवर हे सगळं दीड ते दोन मिनिटांत होतं, पण घड्याळ लावून भाजू नका. प्रत्येक पत्रा वेगळा, प्रत्येक दिवशी सिलेंडरमधला दाब वेगळा.

जाळ काढल्यावर रंग भलताच दिसेल. पांढरा पिवळट, लाल जवळजवळ काळा. गार होता होता तो आपल्या रंगावर येतो, आणि ते बघण्यासारखं असतं: कडेपासून आत, हळूहळू. या वेळी हात लावायचा नाही, फुंकर घालायची नाही, पाण्यात तर मुळीच नाही. नुसतं तांबं विझवलेलं चालतं, काच बसलेलं नाही. तिथेच, बैठकीवरच गार होऊ द्या.

हे झालं पाठीचं. आता दुसरी बाजू बघा: काळी ठिक्कर. ती तांब्याच्या ऑक्साइडची खपली. किराणा दुकानात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, मिळतं. ते कोमट पाण्यात घालून (कपभर पाण्याला मोठा चमचाभर) चकती त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा. काढताना लोखंडी चिमटा घालू नका, बांबूची काडी वापरा. लोखंड शिरलं की त्या पाण्यात विरघळलेलं तांबं पुन्हा चकतीवर गुलाबी थर धरतं. प्रयोगशाळेत आम्ही मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवून मुलांना दाखवतो तीच ही क्रिया. मग पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा पाण्याची परीक्षा, आणि तोंडाची बाजू त्याच पद्धतीने. या वेळी जाळ थेट पाठीच्या काचेला लागणार. ती थोडी काळवंडेल, म्हणून पाठीला गडद रंगच द्यावा.

तोंडाला बहुधा दोन थर लागतात. पहिल्याच थरात पांढरा पूर्ण झाकेल अशी अपेक्षा ठेवू नका. पांढऱ्याची कड पातळ राहिली की तांब्याचा ऑक्साइड त्यात विरघळतो आणि काठ हिरवट होतो. मला स्वतःला तो हिरवा काठ आवडतो, पण तो हवा म्हणून आला पाहिजे, चुकून नव्हे.

बिघडलं तर

काळे ठिपके दिसले तर आजूबाजूच्या खपलीचे कण उडून पडलेत. प्रत्येक भाजणीआधी जाळी आणि बैठक घासून पुसा. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले तर ओल किंवा धूळ होती. ते पाण्याखाली बारीक दगडाने घासून, पूड भरून पुन्हा भाजता येतात. मधल्या भागात भेग आणि मागची बाजू उघडी असेल तर कारण तुम्हाला आता माहीत आहे. पाठ लावूनही भेग आली तर वाऱ्याच्या झोताने तुकडा एकदम गार झाला असेल, किंवा तोंडाला तीन-चार थर आणि पाठीला एकच पातळ थर असं झालं असेल. भेगाळलेला तुकडा टाकू नका. पुन्हा तापवलं की काच पुन्हा वाहते आणि बहुतेक भेगा मिटतात. माझ्या पहिल्या पदकाला मी पंधरा दिवसांनी पाठ लावली, उघड्या जागी निळी पूड भरली आणि भाजलं. ते आता माझ्या लेकीच्या दप्तराला आहे. जवळून पाहिलं तर जुन्या पापुद्र्याची रेघ अजून दिसते, निळ्यात निळी.

पहिले दहा-बारा तुकडे दागिने म्हणून करू नका, नमुने म्हणून करा. प्रत्येक पट्टीवर एक रंग. अर्ध्या भागात एक थर, अर्ध्यात दोन. पुडीचा रंग आणि भाजलेला रंग यांत इतकं अंतर असतं की डबीवरच्या चिठ्ठीवर विसंबून चालत नाही. पट्टीच्या टोकाला पूड न लावता जागा सोडा आणि तिथे आधीच खिळ्याने क्रमांक ठोकून ठेवा.

हात बसला की कोरड्या पुडीत कोरून बघा. काळा थर पूर्ण भाजून घ्यायचा, गार झाल्यावर त्यावर पांढरी पूड भुरभुरायची, ती वाळली की जाड सुईने रेघा ओढायच्या. सुई फिरेल तिथली पांढरी पूड सरते आणि खालचा काळा दिसतो. इथे मात्र रांगोळीचा हात कामाला येतो. ठिपके, गोपद्मं, कमळ, जे बोटांना पाठ आहे ते सहज उतरतं. रेघ जरा रुंद ठेवा, भाजताना पांढरी काच दोन्हीकडून थोडी आत सरकते. सरलेली पूड फुंकायची नाही, मऊ कोरड्या ब्रशने अलगद उचलायची. मास्क काढून फुंकर मारायची सवय आपल्याला रांगोळीने लावलेली असते.

शेवटचं काम काठाचं. दोन्ही बाजूंच्या काचेमध्ये तांब्याची काळी कड राहते. ती पाण्याखाली बारीक ऑइलस्टोनवर फिरवा, एकाच दिशेने, काचेकडून तांब्याकडे, म्हणजे काचेचा टवका उडत नाही. मग ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, ओलाच. काळ्यातून आधी तपकिरी, मग गुलाबी आणि शेवटी लखलखीत लाल रेघ उगवते. ती रेघ पुसून कोरडी करा, चिमूटभर मेण चोळा आणि भोकात दोरी ओवा.